माझं लोशन, अप्पांची पट्टी

पंचवीस वर्षांची झाले तरी माझ्या तोंडावरची मुरमं गेली नव्हती. कॉलेजात असताना सगळे म्हणायचे, वयाचं आहे, जाईल आपोआप. मग बी.एड. झालं, धारवाडातल्याच एका प्राथमिक शाळेत नोकरी लागली, तरी मुरमं होती तिथंच. हनुवटीवर, दोन्ही गालांवर, कपाळाच्या कडेला. काही पिकलेली, काही आतल्या आत ठसठसणारी. एकदा तिसरीतली एक मुलगी वही तपासून घ्यायला टेबलाशी उभी होती. माझ्याकडं टक लावून बघत तिनं हळूच विचारलं, "मिस, नोयतदेनरी?" दुखतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी नाही म्हटलं. पण त्या दिवशी डबा तसाच घरी आणला.

त्या दिवसांत मी एक ट्यूब लावत होते. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलेली, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा इतका नितळ झाला की मी आरशापुढून हलायची नाही. मग एक दिवस जरी ती लावायची राहिली तरी गाल लालबुंद व्हायचे, चटके बसल्यासारखे झोंबायचे, आणि मुरमं पहिल्यापेक्षा जास्त उठायची.

अप्पांनी ती ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली. माझे वडील हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, नुकतेच रिटायर झाले होते. धारवाडच्या मळमड्डी भागात आम्ही तिघंच, अप्पा, आई आणि मी. घरात येणाऱ्या कुठल्याही बाटलीवरचं, पुडीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय अप्पांना चैन पडायचं नाही. खिडकीशी उभं राहून, भिंग लावून त्यांनी ट्यूब वाचली.

"ह्यात स्टेरॉइड आहे. हे आता बंद. हुबळीला त्वचेच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जाऊ."

"मी जाईन एकटी."

"जाशील की. पण मला तरी घरात काय काम आहे?"

अशी आमची हुबळीची फेरी सुरू झाली. महिन्यातून एक शनिवार. शाळा अर्धा दिवस असायची. मी डबा खाऊन थेट बसच्या स्टॉपवर जायची, अप्पा तिथं आधीच येऊन थांबलेले असायचे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, पायात मोजे. रिटायर झाल्यावरही ते चप्पल घालून बाहेर पडायचे नाहीत.

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. कानडीत बोलायच्या, आणि मोजकंच बोलायच्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडं वळवलं, गालावरून बोट फिरवलं आणि एक लोशन लिहून दिलं. सॅलिसिलिक अॅसिडचं. अॅसिड म्हटल्यावर माझा चेहरा बघून अप्पा म्हणाले, "चिंचेतही अॅसिड असतं. दह्यातही असतं. घाबरतेस काय?"

डॉक्टरांनी सांगितलं, पातळ थर लावायचा, सुरुवातीला एक दिवसाआड. कातडी कोरडी पडेल, सोलपटं निघतील, कदाचित मुरमं आधी जास्तच दिसतील. उन्हात जाताना काळजी घ्यायची. फोडायची नाहीत. आणि धीर धरायचा. अप्पांनी हे सगळं खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं, जणू परीक्षा त्यांचीच होती. परतीच्या बसमध्ये वाटेतलं रायापूर येईपर्यंत ते मला समजावत होते, की मेलेली कातडी छिद्रांच्या तोंडाशी कशी साचते आणि हे औषध ती कशी सैल करतं. मी खिडकीकडं तोंड करून ऐकत होते. शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

पहिला दीड महिना फार वाईट गेला. नाकाच्या कडेनं पापुद्रे सुटायचे, हनुवटीवर नवी मुरमं यायची. दिवेलागणीला अप्पा हाक मारायचे, "लावलंस का गं?" आणि मग माझ्याकडं वळून दोन्ही गाल नीट बघायचे. एके दिवशी मी ओरडले, "अप्पा, तुम्ही माझ्या तोंडाकडं बघू नका. रोज रोज बघायला मी काय तुमच्या प्रयोगशाळेतली बाटली आहे?"

आई म्हणाली, "असं बोलतात होय वडलांशी?"

अप्पांनी पेपर उघडला. दुसऱ्या दिवसापासून "लावलंस का" एवढंच विचारायचे, तेही पेपरात बघून.

तीनेक महिन्यांनी फरक दिसायला लागला. आणि साधारण त्याच सुमाराची एक रविवारची सकाळ मला आठवते. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून अप्पांनी डावा पाय गरम पाण्याच्या बादलीत बुडवला होता. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांच्या हातात औषधाच्या पट्टीचं पाकीट होतं. "माझ्या कुरूपाच्या पट्टीत आणि तुझ्या लोशनमध्ये एकच अॅसिड आहे. फक्त माझं फार कडक."

"कुरूप कधी झालं तुम्हाला?"

"झालं असेल बुटामुळं. टाचेला आहे. दाबलं की जरा टोचतं."

पायाच्या घट्ट्यालाही कुरूपच म्हणतात. त्या वर्षी हा शब्द मी मनातल्या मनात फक्त स्वतःसाठी वापरत होते. अप्पांनी पाय बाहेर काढला आणि वज्रीनं टाच घासायला सुरुवात केली. मी चार-पाच पावलांवर होते. पट्टीखालची कातडी भिजून पांढरी झालेली दिसली, आणि मधे काहीतरी काळपट. पट्टीचा डिंक चिकटला असेल, असं मला वाटलं. माझ्या हातात ओला परकर होता. मी तो झटकून दोरीवर टाकला आणि पुढचा कपडा उचलला.

जवळ जाऊन बघावं असं मला वाटलंच नाही. मी कुणाचा पाय बघण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सकाळी उठल्यावर आधी आरसा, मग दात. गाडीच्या काचेत, मोबाइलमध्ये, शाळेच्या कपाटाच्या काचेत मी फक्त माझे गाल बघत होते.

त्यानंतरच्या फेऱ्यांत अप्पा हळू चालायला लागले. बस रस्त्याच्या मधल्या लेनमधून येते, त्यामुळं स्टॉपवर पोहोचायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. एका शनिवारी अप्पा कडेलाच माझी वाट बघत होते; सिग्नल मिळाला, मी पटकन निघाले, आणि ते मागं राहिले. मी पलीकडं पोहोचले तेव्हा बस उभी होती. ते येईपर्यंत दारं बंद झाली.

"अप्पा, जरा भराभर चालायचं की. आता नंबर जाईल आपला."

"चुकलं," ते म्हणाले. "पुढची येईल दहा मिनिटांत."

ते डाव्या पायाच्या चवड्यावर भार देऊन उभे होते. मी घड्याळात बघत होते.

त्याच दिवशी ती गोष्ट घडली. आईच्या माहितीतलं एक स्थळ होतं, मुलाकडची माणसं तीन आठवड्यांनी बघायला येणार होती. मुलगा बँकेत होता, माणसं चांगली होती, आणि फोटो बघून त्यांनी होकारार्थीच निरोप पाठवला होता. पण फोटोत चेहरा कुणाला नीट दिसतो? मला डॉक्टरांना विचारायचं होतं, तीन आठवड्यांत डाग जातील का, औषध जरा वाढवता येईल का. सगळ्या रस्त्यात मी ते वाक्य मनात जुळवत होते.

डॉक्टरांनी तपासलं, छान सुधारणा आहे म्हणाल्या, चिठ्ठी लिहिली. मग नेहमीप्रमाणं मान वर करून विचारलं, "मत्त एनरी?" आणखी काही?

अप्पा खुर्चीत पुढं सरकले. "डॉक्टर, माझ्या पायाला जरा..." ते कानडीत म्हणाले.

आणि मी बोलले. "डॉक्टर, तीन आठवड्यांत हे डाग जातील का?"

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. डाग इतक्या लवकर जात नसतात, औषध वाढवलं तर कातडी जळेल, असं समजावत राहिल्या. मी आणखी विचारलं. त्यांनी आणखी सांगितलं. शेवटी त्या अप्पांना म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी म्हणत होता?"

"काही नाही, काही नाही," अप्पा उठत म्हणाले. "बाहेर गर्दी आहे तुमच्याकडं."

बस. एवढंच झालं. सगळं मिळून तीन-चार मिनिटं असतील. मी ती कितीतरी वेळा मोजली आहेत.

तीन आठवड्यांनी मुलाकडची माणसं आली. चेहरा बराच साफ झाला होता, उरलेल्या डागांवर मी पावडर लावली होती. मुलाची आई माझ्याशी प्रेमानं बोलली. पोहे झाले, चहा झाला, अप्पा आणि मुलाचे वडील शाळांच्या गप्पांत रंगले. माणसं निघताना अप्पा दारापर्यंत पोचवायला गेले. त्यांनी पांढरे मोजे घातले होते. ते परत आत येत असताना मला फरशीवर एक ठिपका दिसला, मग एका पावलाच्या अंतरावर दुसरा. मी त्यांच्या पायाकडं बघितलं. डाव्या मोज्याची टाच तपकिरी, ओली झाली होती.

"अप्पा, रक्त येतंय."

"पट्टी काढताना सोललं असेल."

"दाखवा."

"नंतर दाखवतो. आधी सांग, माणसं कशी वाटली?"

मी खाली बसले आणि मोजा काढला. ते कुरूप नव्हतं. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण एवढं त्या क्षणी कळलं. नाण्याएवढा काळा डाग, एका कडेला निळसर, आकार वेडावाकडा, मधे कातडी फाटून ओलसर झालेली. अॅसिडच्या पट्ट्यांनी भोवतालची सगळी कातडी पांढरी मऊ झाली होती. आई मागं येऊन उभी राहिली.

सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांना हुबळीला घेऊन गेले. रिक्षानं. त्याच केबिनमध्ये, पण ह्या वेळी दिव्यासमोरच्या स्टुलावर अप्पा बसले आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत मी. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, काच लावून बघितलं, आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"वर्ष झालं असेल," अप्पा म्हणाले. "थोडं जास्तच."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, एवढंच म्हणाल्या. दहा महिने आम्ही त्या खोलीत येत होतो. दहा महिने तो पाय त्यांच्या टेबलाखाली, बुटात, हाताच्या अंतरावर होता.

तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला. तळपायाला, नखाखाली होणारा, काळ्या डागाचा. टाचेचं ऑपरेशन झालं, मांडीची कातडी काढून तिथं लावली. जांघेत गाठ निघाली, तीही काढली. जखम भरेपर्यंत कॅन्सर फुप्फुसात पोहोचला होता. बंगळूरला जाऊन आलो, सुया झाल्या, काही महिने बरे गेले, मग नाही गेले. मुलाकडच्यांचा होकार आला होता. आम्ही थांबा म्हटलं. ते थोडे दिवस थांबले आणि मग सभ्यपणानं दुसरीकडं जमवलं. मला त्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती.

ह्या सगळ्या काळात माझा चेहरा चांगला होत गेला. हे लिहायलाही मला लाज वाटते. मी लोशन लावायची विसरायची, तरी चेहरा चांगलाच राहिला. शेजारच्या बायका अप्पांना बघायला यायच्या आणि जाताना मला म्हणायच्या, "काय लावतेस गं? रंग किती उजळलाय."

शेवटच्या दोन महिन्यांत अप्पा घरीच होते. एका दुपारी आई भाजी आणायला गेली होती. मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, उजव्या, कारण डाव्याला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना सांगत होता. मी मधेच बोलले."

"कधी?"

"तुम्हाला आठवतंय."

बोलताना त्यांना धाप लागायची, त्यामुळं थांबत थांबत बोलायचे. "सगळा जन्म मी वर्गात उभा राहिलो. कुणी मधे बोललं म्हणून वाक्य अर्धं सोडलं, असं कधी झालं नाही. त्या दिवशी सोडलं. तू बोललीस, आणि मला बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"सुटलो असं वाटलं. कुरूप काळं होत नाही. पसरत नाही. हे मला ठाऊक नव्हतं होय? मी मुलांना कातडी शिकवली आहे."

"मग पट्टी का लावत होता?"

"पट्टी लावली की ते कुरूपच आहे असं वाटायचं."

मी त्यांच्या पायावर डोकं टेकलं. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ. तोंडाला तेल लागेल. मुरमं परत येतील."

ते खरं बोलले की माझ्यासाठी बोलले, मला आजही ठरवता येत नाही. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, असं मला वाटत आलं आहे. पण तो डाग त्यांनी वर्षभर माझ्यापासून कुरूप म्हणून लपवला होता, म्हणजे काही गोष्टी त्यांना जमतच असतील. कधी मी त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवते आणि मला त्यांच्या भीतीचं फार वाईट वाटतं. इतके दिवस ते एकटे भीत होते, आणि माझ्या शेजारी बसून माझ्या मुरमांबद्दल डायरीत लिहीत होते. आणि कधी मुळीच ठेवत नाही.

पाऊस संपून थंडी पडायला लागली होती तेव्हा ते गेले. सकाळी, आई चहा घेऊन आत गेली तेव्हा.

नंतर बरेच महिने मी हुबळीला गेले नाही. मग शाळेतल्या कामानं जाणं झालं, तेव्हा दवाखान्यात डोकावले. डॉक्टरांनी मला लगेच ओळखलं. मी म्हटलं, औषध नको आहे, नुसतं भेटायला आले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "मी एकदा तरी परत विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते 'काही नाही' म्हणाले आणि मी पुढच्या पेशंटला बोलावलं." मग म्हणाल्या, "आता मी सगळ्यांना चप्पल-बूट काढायला लावते. काही लोक चिडतात. चिडू देत." मी निघताना त्यांनी माझेही पाय बघितले. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. मी बसून बघू दिले.

आईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणजे मी मधे बोलले ते. अप्पांनी सांगितलं नव्हतं आणि मला धीर होत नव्हता. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात उरलेलं सामान डब्यात भरत होतो. मी अचानक सांगून टाकलं. सगळं. मुलाकडच्यांची काळजी, डॉक्टरांचा प्रश्न, अप्पांचं अर्धं वाक्य.

आईचा हात डब्यातच थांबला. मला वाटलं, आता ती मला कधी माफ करणार नाही. ती म्हणाली, "मला त्यांनी दोनदा दाखवला होता तो पाय."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पहिल्यांदा म्हटले, हे बघ गं जरा, तीळ आहे का काय. मी म्हटलं, तीळ टाचेला कुठं असतो, बूट बदला. दुसऱ्यांदा मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, जाड मोजे घाला." ती डाळीकडं बघत बोलत होती. "मी वळले पण नाही. पोळी करपेल म्हणून."

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठं बोललीस?"

वर्षभर आम्ही एकाच घरात, एकाच ताटापाशी बसून जेवत होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीचंच आहे. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. ती रडली नाही, मीही नाही. थोड्या वेळानं तिनं डाळ भरून डब्याचं झाकण लावलं, फडताळात ठेवायला माझ्या हातात दिला आणि पुढची पिशवी उघडली.